जमा एकदाची, खर्च दरमहाचा



या सदरात मी सहसा आपल्या घरातला हिशेब मांडतो. बचतगटाचे व्याज, फंडाचा फॉर्म, मुलांच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे, असे विषय असतात. आज मात्र अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या हिशेबाविषयी लिहिणार आहे. "आपल्याला काय करायचंय अमेरिकेशी?" असे आमच्या घरातूनही विचारले गेले. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी आमच्या अभ्यासिकेची एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. गोष्ट माझ्या चुकीची आहे, पण सांगतो.

२०१७ साली आमच्या वस्तीतल्या विहारातील अभ्यासिकेला एका दात्याने दोन लाख चाळीस हजार रुपये दिले. एकदाच. मी खजिनदार. साठ हजारांत पंखे, बाके, ट्यूबलाइट आणि दहावीची पुस्तके आली. उरले एक लाख ऐंशी हजार. गणिताला एक आणि इंग्रजीला एक अशा दोन शिक्षकांना दरमहा पाच-पाच हजार मानधन ठरवले आणि जूनपासून वर्ग सुरू केले. बी.कॉम. झालेल्या माणसाला भागाकार शिकवायला नको. महिन्याला दहा हजार म्हणजे अठरा महिने. जून २०१७ पासून अठरा महिने म्हणजे नोव्हेंबर २०१८. आणि दहावीची परीक्षा मार्चमध्ये! हे सगळे माझ्या वहीत पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. मी ते कुणाला वाचून दाखवले नाही. "तोवर काहीतरी होईल," असे प्रत्येक बैठकीत मनातल्या मनात म्हणत राहिलो. काही झाले नाही.

म्हणून जेव्हा अमेरिकेतल्या शाळांना मिळालेले कोट्यवधी डॉलर एका ठरलेल्या तारखेला संपल्याचे वाचले, तेव्हा मी ते बारकाईने वाचले. आकडे मोठे होते, पण वही ओळखीची वाटली. शिवाय त्या देशातल्या काळ्या बांधवांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून आपल्या व त्यांच्या परिस्थितीतले साम्य सांगितले होते. त्यांच्या मुलांच्या शाळेत काय चालले आहे ते आपण विचारायला हवेच.

आधी तिथली व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत 'स्कूल डिस्ट्रिक्ट' असते. नाव जिल्ह्याचे असले तरी आपल्या कलेक्टरच्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. एखादे शहर किंवा काही गावे मिळून सरकारी शाळा चालवणारी ती स्वतंत्र संस्था. तिचे मंडळ बहुतेक ठिकाणी लोक मतदानाने निवडतात, आणि अंदाजपत्रक तिचे तीच करते. देशभरात अशा सुमारे तेरा हजार संस्था आहेत. आपण त्यांना शाळा-मंडळ म्हणू.

मंडळाकडे पैसा तीन नळांनी येतो. एक स्थानिक मालमत्ता कर, म्हणजे आपली घरपट्टी. दुसरा राज्य सरकारचा. तिसरा केंद्राचा, आणि हा सर्वांत बारीक. सर्वसाधारण काळात शंभर डॉलरमागे आठ-दहा डॉलरच केंद्राकडून येतात. खर्चाची बाजू मात्र सगळीकडे सारखी: सुमारे ऐंशी टक्के पैसा माणसांवर जातो. पगार, पेन्शन, आजारपणाचा विमा. शाळा म्हणजे शेवटी शिकवणारी माणसेच.

आता यातली खरी गोम घरपट्टीत आहे. ज्या वस्तीत घरे महाग, तिथे थोड्या दरानेही भरपूर कर जमतो. ज्या वस्तीत घरे स्वस्त, तिथे लोकांनी जास्त दराने कर भरला तरी हाती काही लागत नाही. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहराचे उदाहरण सांगतो. तिथे एजवुड नावाचे गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या लोकांचे शाळा-मंडळ होते आणि जवळच अलामो हाइट्स नावाचे श्रीमंतांचे. १९६७-६८ साली एजवुडच्या लोकांनी शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे १ डॉलर ५ सेंट कर भरला, आणि विद्यार्थ्यामागे जमले २६ डॉलर. अलामो हाइट्सवाल्यांनी ८५ सेंटच भरले, आणि जमले ३३३ डॉलर! १९६८ मध्ये एजवुडचे विद्यार्थी मोडक्या इमारती आणि अपुरे शिक्षक यांच्या विरोधात वर्ग सोडून रस्त्यावर आले. पत्र्याचे काम करणारे एक कामगार, डेमेट्रिओ रॉड्रिग्ज, आणि इतर पालक कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी पालक हरले. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून लिहिलेला नाही, असे न्यायालय म्हणाले. विरोधी मत देणाऱ्या चौघांत थरगुड मार्शल होते. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा १९५४ चा खटला ज्यांनी वकील म्हणून जिंकला होता, तेच ते.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की गरीब वस्तीच्या शाळेला केंद्राचा बारीक नळच जास्त लागतो. १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात कायदा झाला आणि गरीब मुलांच्या संख्येप्रमाणे शाळांना केंद्राचे अनुदान सुरू झाले. त्याला 'टायटल वन' म्हणतात. पुढे कोरोनात जो मोठा पैसा आला, तो याच प्रमाणात वाटला गेला.

आणि पैसा खरोखर मोठा होता. मार्च २०२० मध्ये सुमारे १३ अब्ज डॉलर, डिसेंबर २०२० मध्ये सुमारे ५४ अब्ज, आणि मार्च २०२१ मध्ये एकदम १२२ अब्ज. एकूण जवळजवळ १९० अब्ज डॉलर. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, गुणाकार ज्याने त्याने करावा. अट ठेवली ती मुख्यतः एकच: तिसऱ्या हप्त्यातला किमान वीस टक्के पैसा मुलांचा बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी वापरा. बाकी हवा खेळती ठेवणारी यंत्रे घ्या, लॅपटॉप घ्या, नर्स नेमा, समुपदेशक नेमा, उन्हाळी वर्ग घ्या, पगार द्या. जवळजवळ सगळ्याला मुभा. आणि तारीख: शेवटच्या हप्त्याचा खर्च ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत ठरवून टाकायचा.

ही तारीख कायदा झाला त्या दिवसापासून सर्वांना माहीत होती. कुणी लपवली नव्हती. जशी माझ्या वहीत नोव्हेंबर २०१८ ही तारीख होती.

मग शाळा-मंडळांनी काय केले? एकेकाने वेगळे. डेट्रॉइटचे पाहा. मोटारींच्या कारखान्यांचे हे शहर, शाळेतली बहुसंख्य मुले काळी. जुने शाळा-मंडळ कर्जात इतके बुडाले की २०१६ साली राज्याने ते कर्जासकट बाजूला ठेवून नवे मंडळ काढले. २०१८ च्या पाहणीत निघाले की इमारतींच्या दुरुस्तीलाच पन्नास कोटी डॉलर लागतील. गरिबी जास्त म्हणून डेट्रॉइटला कोरोनाचा पैसाही जास्त आला, सुमारे १ अब्ज २७ कोटी डॉलर, म्हणजे विद्यार्थ्यामागे पंचवीस हजारांच्या आसपास. तिथल्या अधीक्षकांनी, निकोलाय विट्टी यांनी, त्यातले सुमारे ७० कोटी इमारतींत घातले. छपरे, बॉयलर, नव्या शाळा. कारण सोपे होते. छप्पर एकदा घातले की दर महिन्याला पगार मागत नाही. तरीही २०२३ मध्ये शाळांतील मदतनीस आणि सल्लागारांच्या जागा त्यांना कमी कराव्या लागल्याच. भाकरी एकदाची असली तरी भूक रोजची, हे डेट्रॉइटलाही चुकले नाही.

शिकागोने उलटा रस्ता घेतला. सुमारे २ अब्ज ८० कोटी डॉलर आले, आणि त्यातला मोठा भाग माणसांवर गेला. शाळाशाळांत जास्तीचे शिक्षक, समुपदेशक, वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळी माणसे. पैसा संपत आला तसा खड्डा दिसू लागला. शहराचे महापौर ब्रँडन जॉन्सन स्वतः पूर्वीचे शिक्षक आणि शिक्षक संघटनेचे कार्यकर्ते. ३० कोटी डॉलरचे कर्ज काढा पण माणसे काढू नका, असा त्यांचा आग्रह. शाळांचे मुख्याधिकारी पेड्रो मार्टिनेझ म्हणाले, कर्ज काढून पगार भागवणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंडळाच्या सातही सदस्यांनी राजीनामे दिले. डिसेंबरमध्ये महापौरांनी नेमलेल्या नव्या मंडळाने मार्टिनेझ यांना काढण्याचा ठराव केला. पुढच्या वर्षाची तूट ७३ कोटी ४० लाख डॉलर निघाली. ती ऑगस्ट २०२५ मध्ये, ते कर्ज न काढताच, कशीबशी भरली गेली.

कारकुनाच्या डोळ्यांनी पाहिले तर डेट्रॉइट शहाणे आणि शिकागो वेडे. मीही आधी तसेच म्हटले. पण जरा थांबून विचार केला. २०२१ साली शाळेत परत आलेल्या मुलाला काय हवे होते? वर्ष-दीड वर्ष तो घरात एका फोनच्या पडद्यासमोर बसून होता. कुणाच्या घरातले माणूस गेले होते. त्याला नवे छप्पर शिकवणार होते का? हार्वर्डचे थॉमस केन आणि स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन या अभ्यासकांनी २०२४ मध्ये हिशेब काढला. विद्यार्थ्यामागे दर हजार डॉलर खर्चाने गणितात सुमारे पाच-सहा दिवसांच्या शाळेइतकी प्रगती झाली. कुणी म्हणेल, एवढीच? पण गरीब मंडळांना हजारात नाही, आठ-दहा हजारांत आणि त्याहूनही जास्त पैसे मिळाले. तो फायदा खरा आहे आणि तो माणसांमुळे झाला. तेव्हा माणसे नेमली हीच चूक, असे मी आता म्हणणार नाही.

चूक दुसरीकडे झाली, आणि ती अनेक मंडळांनी केली. जुन्या शिक्षकांचे पगारच या नव्या पैशातून भागवले आणि आपली नेहमीची तूट तीन वर्षे झाकून ठेवली. त्यात मुलांची संख्या घटली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सरकारी शाळांत सुमारे ५ कोटी ८ लाख मुले होती, ती एका वर्षात ४ कोटी ९४ लाखांवर आली. राज्याचा पैसा बहुतेक ठिकाणी पटावरच्या मुलांप्रमाणे येतो. मुले गेली तशी जमा घटायला हवी होती, पण केंद्राच्या पैशामुळे ते लगेच जाणवले नाही. पाणी ओसरल्यावर दगड दिसले. सिअॅटलमध्ये सुमारे १० कोटी डॉलरची तूट निघाली. २०२४ साली वीसच्या आसपास शाळा बंद करण्याचा विचार पुढे आला. पालक खवळले, संख्या चारवर आली, आणि नोव्हेंबरमध्ये तीही योजना गुंडाळली. तूट मात्र गुंडाळता येत नाही.

तुटीचा घाव कुणावर पडतो ते आता पाहा. आपल्यातल्या गिरणी-कारखान्यात काम केलेल्या माणसांना 'शेवटी आला तो आधी गेला' हा नियम पाठ आहे. अमेरिकेतही बऱ्याच ठिकाणी शिक्षक कपातीत हाच नियम. त्यात कामगाराची बाजू आहे, मालकाने म्हाताऱ्या माणसाला मनाला येईल तसे काढू नये म्हणून तो आला. पण शाळेत त्याचा एक वाईट परिणाम होतो. अनुभवी शिक्षक हळूहळू चांगल्या वस्तीच्या शाळांत बदली घेतात आणि गरीब वस्तीच्या शाळेत नवे शिक्षक जास्त राहतात. कपात आली की त्याच शाळेचे शिक्षक आधी जातात. कॅलिफोर्नियात कायद्याने १५ मार्चपर्यंत शिक्षकाला नोटीस द्यावी लागते, कारण १ जुलैला नवे वर्ष लागते. म्हणजे ऐन अभ्यासाच्या दिवसांत बाईंच्या हातात नोटीस, आणि समोर चाळीस डोळे. श्रीमंत मंडळ अशा वेळी कर थोडा वाढवते, पालक देणग्या जमवतात. एजवुडसारखी वस्ती कशावर वाढवणार?

शेवटचा अंक दिल्लीच्या, चुकलो, वॉशिंग्टनच्या दरबारी झाला. आमच्या ऑफिसात ऑर्डर काढणे वेगळे आणि चेक फाडणे वेगळे. तिथेही तसेच. ३० सप्टेंबर २०२४ ही ऑर्डर काढण्याची तारीख होती. बिल चुकते करायला पुढे काही महिने असत, आणि अर्ज केल्यास मार्च २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळे. अनेक राज्यांनी ती घेतली होती. काम अर्धवट, ठेकेदाराचे बिल बाकी. २८ मार्च २०२५ रोजी नव्या शिक्षणमंत्री लिंडा मॅकमहन यांनी पत्र पाठवून ही मुदतवाढ त्याच दिवशी संपवली. न्यूयॉर्क आणि इतर अनेक राज्ये कोर्टात गेली, आणि मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी त्या राज्यांपुरती त्या आदेशाला तात्पुरती मनाई दिली. वरच्याने दिलेली तारीखसुद्धा वरचाच मागे ओढू शकतो, हे त्यात दिसले.

बाबासाहेबांचा कोलंबियाचा प्रबंध वरचे सरकार आणि खालचे सरकार यांच्यातल्या अशाच पैशाच्या व्यवहारावर होता, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १८७१ पासून केंद्राने शिक्षण, पोलीस, तुरुंग, रस्ते अशी खाती प्रांतांकडे दिली आणि सोबत ठराविक रक्कम बांधून दिली. खर्च वाढणारा, रक्कम बांधलेली. ही पहिली पद्धत १८७७ मध्ये बदलावी लागली, पुढे आणखी बदलली. हे सगळे बाबासाहेबांनी टप्प्याटप्प्याने दाखवले आहे. आम्ही त्यांच्या जयंतीला मिरवणूक काढतो तेव्हा खर्चाची वही मीच लिहितो, पण तो ग्रंथ मी चाळिशीनंतर हाती घेतला. असो.

अमेरिकेतली एक गोष्ट मला आवडली ती सांगतो. तिथे अंदाजपत्रक मंजूर करण्याआधी उघडी सभा घेतात. कुणीही पालक उभा राहून दोन-तीन मिनिटे बोलू शकतो. या वर्षांत तिथले जाणकार पालकांना एकच प्रश्न विचारायला सांगत होते: आमच्या शाळेतली ही नर्स, ही वाचनाची बाई, कोणत्या पैशातून आहे आणि तो पैसा कधी संपतो? ज्या मंडळांनी हे २०२१ मध्येच सांगून ठेवले, नेमणुकीच्या कागदावर 'तीन वर्षांसाठी' असे लिहिले, तिथेही माणसे गेलीच. दुःख झालेच. पण त्या माणसाने दुसरी नोकरी वेळेत शोधली आणि पालकांना राज्याकडे भांडायला दोन वर्षे मिळाली.

आमच्याकडे असे काही झाले नाही. २०१८ च्या दिवाळीनंतर मी दोन्ही शिक्षकांना विहारात बोलावले आणि शिल्लक शून्य झाल्याचे सांगितले. इंग्रजीचे सर काही न बोलता उठले. गणिताची मुलगी आमच्याच गल्लीतली, बी.एस्सी. झालेली. जूनमध्ये तिला एका क्लासची नोकरी सांगून आली होती, दहावीची पोरे आहेत म्हणून तिने नाही म्हटले होते. ती एवढेच म्हणाली, "दादा, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

मला खोटे बोलता आले असते. मी वही उघडून पहिले पान दाखवले.

घरोघर वर्गणी मागून महिन्याला अडीच-तीन हजार जमले. तेवढ्यावर तिने फेब्रुवारीअखेरपर्यंत गणित शिकवले. इंग्रजी आम्ही मोठ्या पोरांनी जसे जमेल तसे पाहिले. त्या वर्षी अकरा मुले बसली. गणितात सगळी पास झाली, इंग्रजीत तीन राहिली. त्या तिघांपैकी एकाने पुढे परीक्षा दिलीच नाही, तो आता टेम्पोवर आहे. भेटला की हात वर करून जयभीम करतो.

तेव्हापासून अभ्यासिकेच्या फळ्यावर प्रत्येक वर्गासमोर दोन गोष्टी लिहितो: पैसा कुणाचा, आणि कुठल्या महिन्यापर्यंत. काही जुन्या सभासदांना ते आवडत नाही. दाता दुखावेल म्हणतात. अजून तरी कुणी दुखावलेला नाही.

गेल्या वर्षी नव्या देणगीतून पुन्हा गणिताचा वर्ग सुरू करायचा ठरला, तेव्हा मी त्या मुलीकडेच गेलो. आता तिचे लग्न झाले आहे, एका खासगी क्लासमध्ये शिकवते. तिने चहा दिला, मुलांची चौकशी केली. मग म्हणाली, "आधी वही दाखवा." मी पिशवीतून काढून दिली. ती बराच वेळ वाचत बसली होती.